काजूच्या बागेला पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली, गवत सुकायला लागलं की "काजीला पाणी सोडू का?" असे फोन सुरू होतात आणि ते थेट शिमग्यापर्यंत चालतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं आणि वेळा कोकणातल्या जांभ्या जमिनीतल्या, फळाला आलेल्या कलमी झाडांसाठी आहेत. जिथे वेगळं काही आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. काजूला मुळात पाणी लागतं का? आमच्या आजोबांनी तर कधी घातलं नाही.

पाणी न घालताही काजू जगतो आणि फळतोही, म्हणून आजोबांचं काही चुकलं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आपल्या कातळावर असं रुजलं की ते इथलंच वाटावं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. तेव्हा काजूची कलमं बहुतेक ठिकाणी वरकस जमिनीत, डोंगरउतारावर, विहिरीपासून लांब लागली, आणि "काजूला पाणी नको" हा समज तिथून आणखी पक्का झाला.

पण झाडाचं जगणं आणि झाडाने भरघोस बी देणं यांत फरक आहे. आपला पाऊस ऑक्टोबरमध्ये संपतो. काजूची फळं पोसतात जानेवारी ते एप्रिल, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असताना. मुगाएवढी, वाटाण्याएवढी झालेली फळं झाडाखाली पडलेली दिसतात, त्यातली बरीचशी या कोरडेपणाने गळलेली असतात. फळधारणेच्या काळात झाडाला दर पंधरवड्याला २०० लिटर पाणी दिलं तर उत्पन्न जवळपास दुप्पट होतं, असं काजू लागवडीच्या शिफारशींत सांगितलेलं असतं. माझ्या मते हा आकडा चांगल्या कलमांच्या, नीट सांभाळलेल्या बागेतच दिसतो (प्रश्न १५ पाहा). पण फरक पडतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

२. पाणी नेमकं कधी सुरू करायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाऊस संपल्यावर काजू नवी पालवी काढतो. ती पालवी जून होते आणि तिच्याच टोकाला मोहर येतो. या मधल्या काळात जमीन थोडी सुकलेली असणं झाडाला मानवतं. पालवी वाढवायचं थांबून झाड मोहराकडे वळतं. याच वेळी पाणी सोडलं की झाड पुन्हा पालवी काढत बसतं आणि मोहर लांबतो. मी स्वतः एका वर्षी उत्साहाने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टाकी उघडली होती. बाग हिरवीगार झाली आणि मोहर महिनाभर उशिरा आला. मागचा मोहर मार्चच्या उन्हात सापडला, अर्धाअधिक करपला.

म्हणून तारीख पाहू नका, झाड पाहा. बहुतेक फांद्यांच्या टोकाला मोहराचे तुरे दिसू लागले की पहिलं पाणी हलकं द्या. फुलं उमलून बारीक फळं दिसायला लागली की पूर्ण मापावर या. वेंगुर्ला-१ सारख्या लवकर मोहरणाऱ्या जातीत हा टप्पा आधी येतो, इतर जातींत उशिरा. एकाच बागेत दोन जाती असतील तर शक्यतो दोन वेगळे व्हॉल्व्ह ठेवा.

३. एका झाडाला किती लिटर?

आळ्यात द्यायचं असेल तर पंधरा दिवसांनी २०० लिटर. ठिबकाने द्यायचं असेल तर दर चार दिवसांनी ६० ते ८० लिटर. हे माप घेर चांगला भरलेल्या मोठ्या झाडाचं आहे. पाच-सहा वर्षांच्या कलमाला त्याच्या निम्मं पुरतं.

शंभर झाडांच्या बागेला आळ्यातून एका पाळीला २०,००० लिटर लागतात. जानेवारी ते मार्च सहा पाळ्या धरल्या तर १,२०,००० लिटर. विहिरीत मार्चमध्ये एवढं पाणी राहतं का, हे आधी बघा आणि मगच पाइपाला हात घाला. एवढ्या मापाने झाडाची सगळी तहान भागत नाही. हे संरक्षित पाणी आहे, फळ टिकवण्यापुरतं.

४. ठिबक बरं की आळ्यात पाइप धरणं?

झाडं पंचवीस-तीस असतील आणि घरचं माणूस असेल तर पाइप धरूनही काम होतं. त्याच्या वर गेलात तर ठिबक घ्या. जांभी जमीन पाणी धरून ठेवत नाही. एकदम ओतलेल्या २०० लिटरपैकी बरंच पाणी मुळांच्या खाली निघून जातं. तेच पाणी थोडं थोडं आणि वरचेवर दिलं तर मुळांना लागतं.

हिशोब सोपा आहे. झाडाभोवती ताशी ४ लिटरचे ४ ड्रिपर लावले आणि ४ तास पंप चालवला की ६४ लिटर होतात. खोडाशी एकच ड्रिपर लावलेल्या बागा मी पाहतो तेव्हा खरंच वाईट वाटतं. खर्च केलेला असतो आणि पाणी पडतं नको त्या जागी. त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

५. पाणी खोडाशी द्यायचं की लांब?

लांब. खोडापासून दीड ते दोन मीटरवर, फांद्यांच्या सावलीच्या आत. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं तिथे असतात. आळंसुद्धा खोडाला चिकटून काढू नका. बांगडीसारखा गोल चर काढा आणि खोडाभोवतीची जमीन थोडी उंच, कोरडी ठेवा. बुंधा सतत ओला राहिला तर साल कुजते. शिवाय बुंध्यात शिरणारी रोठा ही कीड कोरड्या, स्वच्छ खोडावर लगेच दिसतो. ओल्या पाचोळ्याखाली तिने पाडलेला भुसा दिसतच नाही, आणि लक्षात येईपर्यंत झाड पिवळं पडलेलं असतं.

६. पाणी फारच कमी आहे. दोन-तीनच पाळ्या शक्य आहेत. कधी देऊ?

बारीक फळं वाटाण्याएवढी झाली की पहिली, आणि तिथून दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी. तिसरी जमली तर त्याच्या पुढे तेवढ्याच अंतराने. फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. त्यातला पहिला महिना बी वाढण्याचा, मग कवच टणक होतं आणि आत गर भरतो. बोंड फुगतं ते अगदी शेवटी. म्हणून शेवटच्या दिवसांत पाणी दिलं तर बोंडं रसरशीत होतात, पण बी मोठी होत नाही. ती वेळ मागेच गेलेली असते.

आणखी एक, सगळ्या बागेला थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा चांगली फळणारी निम्मी झाडं निवडा आणि त्यांना पूर्ण मापाने द्या.

७. आमच्याकडे विहीरच नाही. मग काही करता येईल का?

करता येईल, आणि ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनीही हे आधी करावं. तीन मीटर त्रिज्येचा घेर असलेल्या झाडाखालची जमीन सुमारे २८ चौरस मीटर भरते. कोकणात चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एका झाडाच्या घेरावर पावसाळ्यात जवळजवळ ८५,००० लिटर पाणी पडतं. आपण उन्हाळ्यात जपून जपून देतो ते सगळं मिळून १,२०० लिटर! वरून आलेल्या पाण्यातला थोडासा वाटा जरी झाडाखाली अडला, तरी मोठं काम होतं.

उतारावर प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला छोटा चर आणि खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा बांध घाला. चराची माती खालच्या बांधाला वापरा. नारळाची सोडणं मिळत असतील तर ती चरात उपडी-उताणी रचून मातीने झाका, ती पाणी धरून ठेवतात. कर्नाटकात पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाने या पद्धती अभ्यासल्या आहेत. व्हाळ (ओढा) जवळ असेल तर ऑक्टोबरमध्ये, पाणी वाहतं आहे तोवर, मातीने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा किंवा दगडांचा कोकण विजय बंधारा घाला. खालच्या अंगाची जमीन पुढे बराच काळ ओल धरते.

ऑक्टोबरच्या शेवटी झाडाखाली सुकं गवत आणि पाचोळ्याचं चार-सहा इंचांचं आच्छादन करा. खोडापासून फूटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी लागते. आच्छादन म्हटलं की वणव्याची भीती येते, आणि ती खरी आहे. बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा गवत काढून स्वच्छ केल्याशिवाय आच्छादन करू नका. एका रात्रीत आच्छादन, लॅटरल (ठिबकाच्या नळ्या) आणि झाडं तिन्ही जळालेली बाग मी पाहिली आहे.

८. यंदा लावलेल्या कलमांना किती पाणी?

पहिले दोन-तीन उन्हाळे कलमांना पाणी हवंच. इथे "काजूला पाणी नको" म्हणू नका. आठवड्याला एकदा १० ते १५ लिटर, डिसेंबर ते मे. पाणी डोक्यावरून वाहायचं असेल तर प्रत्येक कलमाजवळ एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, आठवड्याला भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. मडकं कच्च्या भाजणीचं हवं, चकचकीत नको, म्हणजे ते पाझरतं.

चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा काढून जाड प्लॅस्टिक अंथरलं की पावसाळ्याच्या शेवटी ८,००० लिटर पाणी साठतं. वरून गवताने झाकून ठेवलं तर पंचवीसेक कलमं उन्हाळा काढतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत आलेला मोहर खुडून टाका आणि कलमाच्या जोडाखालून फुटलेली फूट वेळोवेळी काढा. नाहीतर तुम्ही वाहून आणलेलं पाणी रानफुटीला जातं.

९. पाण्याने बी मोठी होते का? की नुसती संख्या वाढते?

आधी संख्या वाढते, कारण गळ थांबते. गर भरताना ओल टिकली तर बी पोचट राहत नाही आणि सोलल्यावर उतारा चांगला पडतो. पण आकार ठरवते जात. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ ची बी साधारण ७.७ ग्रॅमची आणि वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. दोन्हींत गराचं प्रमाण ३० ते ३१ टक्के. म्हणजे एक गर अनुक्रमे सुमारे २.४ आणि ३ ग्रॅमचा.

बाजारात डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० म्हणतात तो आकडा एका पौंडात किती अख्खे गर बसतात त्याचा. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव जास्त. पाण्यावाचून पोसलेली मोठ्या जातीची बीही खालच्या दर्जात जाते. पाण्याने ती तिच्या मूळ दर्जाला पोचते. गावठी झाडाची पाच ग्रॅमची बी मात्र कितीही पाणी घातलं तरी दहा ग्रॅमची होणार नाही.

१०. मोहर काळा पडून सुकतोय. पाणी कमी पडलं का?

बहुतेक वेळा नाही. हा ढेकण्या असतो, म्हणजे टी मॉस्किटो हा रस शोषणारा किडा. कोवळ्या देठावर, फळांवर तपकिरी-काळे चट्टे दिसतात, तिथून कधी डिंकासारखा चिकट थेंब येतो आणि तुरा टोकाकडून वाळत जातो. पाणी कमी पडल्यावर चट्टे नसतात. भर दुपारी सगळ्याच झाडाची पानं मलूल होतात आणि फळं डाग नसतानाही गळतात.

ढेकण्या असताना पाणी वाढवलंत तर कोवळी फूट वाढते आणि त्याचंच फावतं. त्याचा बंदोबस्त पालवी, मोहर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांत करायचा असतो. औषध आणि प्रमाण त्या वर्षीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्या.

११. पाण्याबरोबर युरिया सोडला तर?

जानेवारीत नको. मोठ्या झाडाची वर्षाची मात्रा १ किलो नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश. म्हणजे अंदाजे सव्वादोन किलो युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चारशे ग्रॅमच्या वर म्युरेट ऑफ पोटॅश. ही मात्रा शेणखताबरोबर ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर, पण जमिनीत ओल असताना चरात द्यायची. फळाच्या वेळी जादा नत्र दिलं की पालवी फुटते, आणि मग मागच्या प्रश्नातलं संकट आपणच ओढवून घेतो.

१२. विहिरीचं पाणी खाडीजवळचं, मचूळ आहे. चालेल का?

आधी तपासून घ्या, आणि नमुना मार्चमध्ये काढा. दिवाळीत गोड लागणारी विहीर होळीला मचूळ होते. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होऊ लागल्या तर ते पाणी थांबवा. मचूळ पाणी देण्यापेक्षा आच्छादनावर भर देणं बरं.

पाणी लाल, लोहाचं असेल तर झाडाला त्रास नाही, पण ड्रिपर तुंबतात. पाणी टाकीत एक रात्र स्थिर राहू द्या, फिल्टर दर आठवड्याला धुवा आणि लॅटरलची टोकं उघडून गाळ जाऊ द्या.

१३. बाग उतारावर आहे. खालच्या झाडांना जास्त पाणी जातं.

लॅटरल उताराच्या आडव्या दिशेने टाका आणि दाब सारखा राखणारे, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घ्या. साधे घेऊन पैसे वाचवू नका. वरच्या आणि खालच्या झाडाखाली एकेक डबा ठेवून अर्ध्या तासात किती पाणी पडतं ते मोजा. माकडं पाण्यासाठी नळ्या चावतात. नळ्या पाचोळ्याखाली झाकल्या आणि बागेच्या कडेला त्यांच्यासाठी एक उघडं टाकं ठेवलं, तर नुकसान बरंच कमी होतं.

१४. ओल्या काजूगरांना आधी भाव असतो. लवकर पाणी देऊन हंगाम पुढे ओढता येईल?

नाही, उलट मागे जाण्याची शक्यता जास्त (प्रश्न २). लवकर बी हवी तर लवकर मोहरणारी जात लावा. मोहर आधीच लवकर आला असेल तर मात्र पाण्याने ती पहिली फळं टिकतात, आणि ओल्या गराचा पैसा त्याच फळांत असतो.

१५. दोन वर्षं पाणी देतोय. उत्पन्न दुप्पट सोडा, सव्वापटही झालं नाही.

तीन गोष्टी तपासा. झाडं कुठली आहेत? बीपासून वाढलेल्या जुन्या गावठी झाडांचा प्रतिसाद कमी असतो. ढेकण्याचा बंदोबस्त झाला का? मोहरच जळाला तर पाणी कोणासाठी? आणि बागेत ऊन शिरतं का? सात बाय सात मीटरवर हेक्टरी २०४ झाडं बसतात. दहा-बारा वर्षांत त्यांच्या फांद्या एकमेकांत शिरतात आणि मोहर फक्त शेंड्यावर येतो. अशा बागेत पाण्याआधी छाटणी हवी.

तिन्ही ठीक असतील, तर प्रश्न ५ वाचून ड्रिपरची जागा पाहा.

१६. भातशेताच्या कडेला काजू आहे. तिथे ओल असतेच. पाणी देऊ?

नको. फूटभर खोल खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा. काजूला साचलेलं पाणी सोसत नाही. तिथे निचऱ्याचा चर काढणं हेच पहिलं काम. काळ्या भारी जमिनीत काजू लावू का, असं देशावरून विचारणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

१७. आजरा-चंदगडकडे हेच वेळापत्रक चालेल?

माप चालेल, वेळ नाही. घाटमाथ्यावर थंडी जास्त, मोहर मागाहून येतो आणि हंगामही लांबतो. तिथे फेब्रुवारीतलं पाणी जास्त कामाचं. मोहर दिसण्याची खूण मात्र तीच.

१८. अमेरिकेत असलेला भाऊ सांगतो, तिथे बदामाला भरमसाट पाणी देतात. मग काजूला एवढंसं का?

जगातला बहुतांश बदाम कॅलिफोर्नियात पिकतो. तिथे उन्हाळाभर पाऊस नसतो आणि बदामाचं सगळं पीक त्याच उन्हाळ्यात तयार होतं, म्हणून झाड पूर्णपणे दिलेल्या पाण्यावर असतं. आपल्या झाडाला पावसाळ्याची ओल आणि खोल मुळं असतात. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. बदामाची साल फुटायला लागते त्या सुमाराला तिथले बागायतदार मुद्दाम पाणी कमी करतात. त्याने सालीची कुज कमी होते आणि पाणी वाचतं.

१९. ठिबकाला अनुदान मिळतं का?

मिळतं. "प्रति थेंब अधिक पीक" योजनेखाली अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के. राज्याची पूरक मदत धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका. चालू नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

२०. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर?

पाऊण-एक इंच झाला असेल तर पुढची पाळी सोडा. नुसतं शिंतडून गेला असेल तर वेळापत्रक तसंच ठेवा. वरची धूळ भिजते, मुळांपर्यंत काही पोचत नाही. पावसानंतर ढग राहिले तर मोहरावर करपा आणि ढेकण्या यांची पाहणी रोज करा.

२१. पाणी थांबवायचं कधी? आणि हंगामाच्या मध्येच विहीर आटली तर?

झाडावरच्या बहुतेक बिया टणक होऊन करड्या पडू लागल्या की थांबवा. बी पिकून खाली पडते, तिथे जमीन कोरडी हवी. ओल्या मातीत दोन दिवस पडलेली बी काळवंडते. रोज वेचा आणि दोन-तीन कडक उन्हं देऊनच पोत्यात भरा.

विहीर आटण्याचा धोका दिसत असेल तर पाणी एकदम तोडू नका. ठिबकाच्या झाडाची बारीक मुळं ओल्या जागेत गोळा झालेली असतात. पाणी अचानक बंद झालं तर पाणी न दिलेल्या झाडापेक्षाही जास्त फळं ते टाकतं. आधी ६० चे ४० लिटर करा, मग ३०, मग दिवसांचं अंतर वाढवा आणि ओल्या जागेवर आच्छादन जाड करा. फेब्रुवारीत दर आठवड्याला विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. दोन वर्षांचे आकडे हाती आले की तुमची विहीर किती झाडं सांभाळेल ते तुम्हाला कळेल.